सडपातळ माणसाची शुगर

‘डॉक्टरसाहेब, अंगावर चरबी म्हणून नाही, गोडाचं फार वेड नाही, जन्म सगळा रानात राबण्यात गेला. मग शुगर निघालीच कशी?’ मिरज, कऱ्हाड किंवा विट्याच्या दवाखान्यांत हा प्रश्न नवा नाही. विचारणाऱ्याचं काही चुकतही नाही. मधुमेह म्हणजे खात्यापित्या घरचा, सुटलेल्या पोटाचा आजार, असंच सगळे ऐकत आले आहेत. काटक माणसाला तो झाला तर दोष द्यायचा कुणाला? शेवटी नशिबावर ढकलून प्रश्न मिटवला जातो.

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग त्या माणसाच्या ताटात सापडत नाही. तो सापडतो त्याच्या आईच्या ताटात, आणि काही वेळा आजीच्या. ऐकायला हे अतिशयोक्त वाटेल. पण याचा जगातला अत्यंत भक्कम पुरावा जिथे गोळा झाला, त्यात साताऱ्याच्या शेजारचा पुणे जिल्हा अगदी पुढच्या रांगेत आहे.

१. एका जिल्ह्यातले दोन मुलूख

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात दहिवडी-म्हसवडकडे, तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो, आणि तेवढाही दरवर्षी येईल याची खात्री नसते. सांगलीतही तीच तऱ्हा. कृष्णाकाठी वाळवा-पलूसला ऊस, आणि जत, आटपाडी, कवठे महांकाळला बाजरी, ज्वारी, हुलगा. पाहुण्याला पुढ्यात येणारं हुलग्याचं माडगं आज चवीनं खाल्लं जातं. एकेकाळी ते दुसरं काही नसायचं म्हणून खाल्लं जाई.

१९७२चा दुष्काळ इथल्या वडीलधाऱ्यांना अजून नावानिशी आठवतो. सातारा आणि सांगली हे सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी. रेशनवर लाल मिलो, कामावर पोरांना सुकडी, आणि बायाबापड्यांच्या हातात खडी फोडायचा हातोडा. मे १९७३मध्ये महाराष्ट्रभर जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. या कामांमागची कल्पना सांगलीचीच: वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात तिचा प्रयोग आधीच करून पाहिला होता, आणि पुढे १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. भूकबळींची लाट टळली, हे त्या योजनेचं मोठं यश. ते कमी लेखण्याचं कारण नाही.

पण मरण टळणं वेगळं आणि पोट भरणं वेगळं. एक साधा हिशेब मांडून पाहू. १९७२च्या दिवाळीत एखादी बाई गरोदर राहिली असेल, तर तिचं बाळ १९७३च्या पावसाळ्यात जन्मलं. म्हणजे त्याचे पोटातले जवळपास सगळे महिने दुष्काळातले. ते बाळ १९९८मध्ये २५ वर्षांचं झालं आणि २०२३मध्ये पन्नाशीला आलं. शुगर ‘निघण्याचं’ नेमकं हेच वय.

२. पोटातलं बाळ काय राखतं, काय सोडतं

आता मधला दुवा बघायचा. पन्नास वर्षांपूर्वी नऊ महिने अन्न कमी पडलं, त्याचा आजच्या रक्तातल्या साखरेशी संबंध काय?

दुष्काळात घर चालवणारी बाई कशी वागते? बियाण्याला हात लावत नाही, दुभत्या जनावराला आधी चारा घालते, भिंतीचं लिंपण पुढच्या वर्षावर टाकते, आणि मिळेल तो दाणा पेवात दडवून ठेवते, कारण पुढचं वर्षही असंच जाईल असं तिला वाटतं. पोटातलं बाळही तसंच वागतं. आईकडून येणारी साखर, प्रथिनं, जीवनसत्त्वं कमी पडली की रक्ताचा ओघ आधी मेंदूकडे वळतो. मेंदू हे त्याचं बियाणं. काटछाट होते ती स्नायू, यकृत, मूत्रपिंड आणि स्वादुपिंड यांच्यात. आणि पेव? ते म्हणजे चरबी. ती मात्र शक्य तितकी राखली जाते.

ही काटछाट नंतर भरून निघत नाही, हीच खरी अडचण. मूत्रपिंडातल्या गाळण्यांची संख्या जन्माआधीच ठरून जाते. कमी असल्या तर आयुष्यभर तेवढ्यांवरच भागवायचं, आणि त्यातून पुढे रक्तदाब वाढण्याचा धोका. स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी असतात. इन्शुलिन हा रक्तातली साखर पेशींच्या आत जाऊ देणारा रस. त्या पेशी मोजक्याच असतील, तर रोजचं भागतं, पण जास्तीचं काम पडलं की दमछाक होते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. स्नायूच कमी असतील तर साखर मुक्कामाला कुठे जाणार? ती रक्तातच फिरत राहते.

३. सुईणींच्या वह्या आणि उपाशी हिवाळा

ही कल्पना आधी मांडली गेली ती इंग्लंडमध्ये. हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली सुईणी आणि आरोग्य सेविका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि एक वर्षाचं वजन वहीत लिहून ठेवत. साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या शोधून काढल्या आणि त्यातली बाळं आज कुठे आहेत, याचा माग घेतला. कमी वजनाची बाळं मोठेपणी हृदयविकाराने जास्त दगावली होती. १९९१मध्ये निक हेल्स आणि बार्कर यांनी त्याच परगण्यातल्या ६४ वर्षांच्या पुरुषांना ग्लुकोज पाजून तपासलं. जन्माचं वजन जितकं कमी, तितकी साखर बिघडलेली असण्याची शक्यता जास्त.

दुसरा पुरावा युद्धाने दिला. नोव्हेंबर १९४४ ते मे १९४५ या काळात पश्चिम नेदरलँड्समध्ये जर्मन नाकेबंदीमुळे माणशी शिधा हजार कॅलरींच्याही खाली गेला. तेव्हा पोटात असलेली मुलं पन्नाशीला आल्यावर तपासली, तर त्यांच्यातही ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखर इतरांपेक्षा चढी निघाली. आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि ती जास्त विचार करायला लावणारी आहे. ज्यांची उपासमार गर्भारपणाच्या सुरुवातीला झाली, त्यांचं जन्माचं वजन ठीकठाक होतं, तरी पुढे हृदयविकार त्यांच्यात जास्त आढळला. म्हणजे तराजूवर बाळ भरलं, म्हणून सगळं आलबेल असतं असं नाही.

माणदेशाची गोष्ट मात्र डच हिवाळ्यासारखी एका झटक्याची नाही. इथली तूट पिढ्यानुपिढ्यांची. तिचा अभ्यास करायला इथलीच माणसं हवी होती.

४. पुण्याजवळची सहा गावं

१९९३मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक दीर्घ अभ्यास सुरू केला. गरोदर राहण्याच्या आधीपासूनच स्त्रियांची नोंद ठेवायची, आणि बाळ जन्मल्यावर ते मोठं होईपर्यंत त्याच्या मागे राहायचं. या स्त्रियांचं चित्र माण-जतच्या कोणालाही ओळखीचं वाटेल: सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, गरोदरपणाआधीचं वजन जेमतेम ४२ किलो, चौथ्या-पाचव्या महिन्यात दिवसाचा आहार १,८०० कॅलरींच्या आतबाहेर आणि प्रथिनं ४५ ग्रॅम. त्यात दिवसभराचं काम. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी याच अभ्यासातून दाखवलं की विहिरीवरून पाणी आणणं, धुणं धुणं अशी कष्टाची कामं जास्त करणाऱ्यांची बाळं आकाराने लहान भरत. आणि ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं आणि दूधदुभतं होतं, त्यांची मोठी. भाकरीच्या संख्येपेक्षा भाकरीसोबत काय आहे, याला वजन होतं. टँकरच्या मागे हंडे घेऊन धावणाऱ्या गावांत हा निष्कर्ष शोधनिबंधाविनाही पटावा.

बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. इथवर नवल काही नव्हतं. नवल पुढे आहे. संशोधकांनी वजनासोबत दंडाचा घेर, पोटाचा घेर आणि पाठीवरच्या कातडीच्या चिमटीची जाडीही मोजली. इथल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच मागे होते. पण पाठीवरची चरबी त्या मानाने जवळपास शाबूत. दिसायला हडकुळं, आतून चरबीदार. २००३मध्ये हा निष्कर्ष छापून आला आणि ‘कृश पण मेदयुक्त भारतीय बाळ’ जगभरच्या वैद्यकीय चर्चेत जाऊन बसलं. त्याआधी पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा वजनाच्या मानाने पुण्याच्या बाळांत इन्शुलिन जास्त निघालं होतं, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण. शुगरची पहिली चाहूल दवाखान्यात नव्हे, बाळंतिणीच्या खोलीत लागलेली होती.

ही मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. बहुतेक अंगाने किरकोळच होती. तरीही मुलांमध्ये तिघांमागे एकाहून जास्त, आणि मुलींमध्ये पाचांमागे एकाच्या आसपास, एवढ्यांची साखर ठीक मर्यादेच्या वर गेलेली होती. अठराव्या वर्षी! आणि त्यांच्यातल्या अनेकांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही बरोबरीच्या मुलांपेक्षा किंचित वरच होती.

५. एकच बीएमआय, दोन माणसं

वजन जास्त की कमी, हे ठरवायला डॉक्टर बीएमआय वापरतात: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. समजा, एकाचं वजन ५५ किलो आणि उंची १.६० मीटर. १.६० गुणिले १.६० म्हणजे २.५६, ५५ला २.५६ने भागलं की येतं २१.५. उत्तम. काळजीचं कारण नाही, असा कागद सांगतो.

कागद खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मजेशीर छायाचित्र आलं. त्यात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे मित्र डॉ. जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे आहेत. दोघेही सडसडीत, दोघांचाही बीएमआय २२.३. पण यंत्राने मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. शास्त्रज्ञाने स्वतःलाच उदाहरण म्हणून उभं करावं, याला थोडी खिलाडूवृत्ती लागते.

भारतीयांसाठी म्हणूनच मोजपट्टी कडक ठेवली आहे. जगात २५च्या पुढे वजन जास्त मानतात, आपल्याकडे २३पासून. आणि तराजूपेक्षा कमरेभोवतीची टेप जास्त सांगते: पुरुषाला ९० सेंटिमीटर, स्त्रीला ८०, त्यापुढे सावध.

सगळ्याच किरकोळ माणसांची शुगर एकाच जातीची असते, असं मात्र नाही. काही अतिशय कृश तरुणांत इन्शुलिनला दाद न देण्याचा दोष दिसत नाही. त्यांच्यात इन्शुलिन बनतंच कमी. लहानपणच्या कुपोषणाशी जोडलेला हा प्रकार जमैकात १९५५मध्ये वर्णन केला गेला, १९९९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून गळाला, आणि २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ म्हणून पुन्हा जागा दिली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या रुग्णांवरचा अभ्यास त्यासाठी कामी आला.

६. आधी तूट, मग सुकाळ

तरीही एक कोडं उरतं. आजोबा-पणजोबा याहून उपाशी होते; मग त्यांना शुगर का नव्हती? (तपासणीच होत नव्हती, हे अर्धं उत्तर झालं.) उरलेलं उत्तर असं की तुटीत घडलेलं शरीर तुटीतच राहिलं तर बऱ्यापैकी निभावून नेतं. ते कोलमडतं ते सुकाळ आल्यावर.

केईएममध्येच जन्मलेल्या मुलांना आठव्या वर्षी तपासलं, तेव्हा डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांना हेच दिसलं. जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी मोठी, अशा मुलांत धोक्याची लक्षणं सगळ्यात जास्त. दिल्लीत डॉ. संतोष भार्गव यांच्या चमूने जन्मापासून नोंद असलेल्या सुमारे दीड हजार तरुणांना तिशीच्या आसपास गाठलं. ज्यांची साखर बिघडली होती, ते लहानपणी लठ्ठ नव्हतेच. दोन वर्षांपर्यंत हडकुळे होते, आणि नंतर मात्र त्यांचं वजन भराभर चढत गेलं होतं.

आता सातारा-सांगलीकडे पाहा. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजनांनी दुष्काळी पट्ट्यात पाणी आणलं. आटपाडीला डाळिंब आलं, कवठे महांकाळला द्राक्ष. सायकल जाऊन मोटारसायकल आली, मोटेची जागा बटणाने घेतली. खानापूर-आटपाडीची माणसं सोन्याच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आणि दिवसभर बसून काम करू लागली. हे सगळं चांगलंच झालं. दुष्काळाची हळहळ कुणी करू नये. पण पन्नास वर्षांपूर्वी मिलोवर घडलेल्या शरीराला ही बातमी कुणी कळवलेली नसते.

इथे एक धोकादायक गैरसमज होऊ शकतो. ‘मग कुपोषित पोराला खाऊ घालणंच वाईट?’ मुळीच नाही. हैदराबादजवळच्या गावांत १९८७ ते १९९० या काळात गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना अंगणवाडीचा पूरक आहार मिळाला. ती मुलं १३ ते १८ वर्षांची झाल्यावर आहार न मिळालेल्या गावांशी तुलना केली. आहार मिळालेली मुलं सरासरी १४ मिलिमीटर उंच होती आणि इन्शुलिनला न जुमानण्याचं प्रमाण त्यांच्यात सुमारे २० टक्के कमी होतं. म्हणजे पोटात असताना आणि पहिल्या दोन वर्षांत दिलेला आहार हाडात आणि स्नायूत जातो. चौथ्या-पाचव्या वर्षानंतर झपाट्याने वाढणारं वजन मात्र बहुतेक चरबीत जमा होतं. अंगणवाडीतली मूठभर उसळ आणि शाळेबाहेरचं पाच रुपयांचं पाकीट यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

७. दूध डेअरीला, चहा घरात

पुण्याच्या अभ्यासात एक अनपेक्षित गुन्हेगार सापडला. दोनतृतीयांश गरोदर स्त्रियांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ते वनस्पतीत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. माळकरी घरात सामिष वर्ज्य, आणि गोठ्यात म्हैस असली तरी दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला. घरात उरतं ते चहापुरतं. पैसा येतो, बी-१२ जातं.

बी-१२ आणि फॉलिक ॲसिड मिळून पेशींच्या गुणसूत्रांवर छोट्या रासायनिक खुणा उमटवायला मदत करतात. कुठलं जनुक चालू ठेवायचं, कुठलं झाकायचं, हे त्या खुणांवर ठरतं. ज्या मातांत फॉलिक ॲसिड भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिन सगळ्यात निष्प्रभ ठरत होतं. याचा अर्थ फॉलिक ॲसिडची गोळी बंद करायची, असा कुणीही घेऊ नये. बाळाच्या मणक्यासाठी ती लागतेच. जोडीला बी-१२ हवं, एवढाच त्याचा अर्थ. २०१२पासून त्याच गावांतल्या मुलामुलींना, म्हणजे पूर्वीच्या अभ्यासातल्या बाळांनाच, किशोरवयात बी-१२ देण्याचा ‘प्रिया’ हा प्रयोग सुरू झाला. बाळाची काळजी गर्भारपणात नव्हे, आई होणारी मुलगी कॉलेजात असतानाच घ्यायची, ही त्यामागची कल्पना.

एका पिढीत हे का उरकत नाही, ते उंदरांनी दाखवलं. ५० पिढ्या अर्धपोटी वाढवलेल्या उंदरांचा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातही इन्शुलिन जास्त आणि बी-१२ कमी. नंतर दोन पिढ्या पोटभर खायला घातलं, तरी बिघाड पूर्ववत झाला नाही. उलट ते लठ्ठ होत गेले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण महाराष्ट्रात २०१९–२१च्या पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, हे वाचताना तो उंदीर आठवतोच.

८. हजार दिवस आणि एक ग्लास

गर्भातले सुमारे २७० दिवस आणि पहिल्या दोन वर्षांचे ७३०; बेरीज हजार. या काळात कमतरता जशी भोवते, तशी जास्तीची साखरही. ब्रिटनमध्ये युद्धामुळे लागू झालेलं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३मध्ये उठलं आणि माणशी साखर जवळपास दुपटीने वाढली. त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्यांची तुलना २०२४मध्ये प्रसिद्ध झाली: ज्यांचे हजार दिवस रेशनिंगमध्ये गेले, त्यांना मोठेपणी मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. गावोगाव साखर कारखान्यांची धुराडी असलेल्या, आणि रांगत्या पोरालाही चहात बुडवलेलं बिस्कीट देणाऱ्या मुलखात हे सांगणं थोडं अवघडच.

उपाय अगदी महागडे नाहीत. मुंबईच्या वस्त्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी २००६पासून एक प्रयोग केला. गरोदर राहण्याआधीपासून स्त्रियांना पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला रोजचा एक खाऊ दिला. बाळांचं वजन सरसकट वाढलं नाही. गर्भ राहण्याच्या तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांच्या बाळांत सरासरी ४८ ग्रॅमची भर पडली. पण गर्भारपणातल्या मधुमेहाचं प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आलं.

हा दुसरा आकडा जास्त मोलाचा आहे, कारण जन्मतः लहान असलेली मुलगीच पुढे आई होते आणि तिलाच गर्भारपणात शुगर होण्याची शक्यता जास्त असते. मग तिच्या बाळाला पोटात अन्नाची तूट नव्हे, साखरेचा पूर सोसावा लागतो, आणि त्याचाही मोठेपणीचा निकाल तोच लागतो. गर्भारपणातल्या शुगरची चाचणी आज सरकारी दवाखान्यात होऊ शकते: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं, जेवण झालेलं असलं तरी चालतं, आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा वर असेल तर आहार, चालणं आणि गरजेप्रमाणे औषध सुरू होतं. पहिल्या तपासणीला एकदा, आणि तेव्हा आकडा ठीक आला तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा. पहिला आकडा चांगला आला म्हणून दुसऱ्या वेळी घरच्यांनी सुनेला नेलंच नाही, असं होऊ देऊ नये.